घोड्यावर बसण्याआधी वजनाचा हिशोब: नवशिक्या स्वारांसाठी

रायडिंग क्लबात नाव नोंदवताना उंची, वय आणि फोन नंबर विचारतात. वजन विचारायला शिकवणारेही संकोचतात आणि सांगणारेही. घोड्याच्या दृष्टीने मात्र पहिला प्रश्न तोच असायला हवा. 62 किलोचा माणूस छोट्या तट्टूवर जड ठरतो आणि 85 किलोचा माणूस मोठ्या, धडधाकट घोड्यावर नीट चालतो. म्हणजे प्रश्न स्वाराच्या जाडीचा नाही, जोडीचा आहे. ही जोडी जुळते का हे बघायला एक टेप, एक वजनकाटा आणि अर्धा तास पुरतो.

भार नेमका कुठे पडतो

घोड्याचं वजन चारही पायांवर सारखं वाटलेलं नसतं. उभ्या घोड्याचं जवळजवळ 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, आणि खोगीर पाठीच्या पुढच्या भागात बसत असल्याने स्वाराच्या वजनाचाही मोठा वाटा तिकडेच जातो. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. त्याचं धड पुढच्या पायांमध्ये फक्त स्नायू आणि स्नायुबंधांनी टांगलेलं असतं. त्यामुळे जादा भाराची पहिली किंमत खांदे, पाठीचे लांब स्नायू आणि पुढच्या पायांचे कंडरे मोजतात.

शिवाय काट्यावर दिसणारं वजन म्हणजे उभ्या घोड्यावरचं वजन. साध्या चालीत पाठीवरचा जोर स्वाराच्या वजनापेक्षा थोडाच जास्त होतो, पण दुडकी चालीत प्रत्येक उसळीला तो दुपटीच्याही वर जातो आणि कॅन्टरमध्ये, म्हणजे हलक्या धावेत, आणखी वाढतो. नवशिका स्वार दुडकीत तालावर उठ-बस करू शकत नाही, खोगिरावर आदळत राहतो. म्हणून मांड पक्की नसलेल्या 65 किलोच्या माणसाचा घोड्याला होणारा त्रास सराईत 65 किलोवाल्यापेक्षा जास्त असतो, आणि नवशिक्यांसाठी मर्यादा कडक ठेवायला हवी.

20 टक्के हा आकडा आणि त्याचा खरा अर्थ

स्वार, कपडे, खोगीर आणि बाकी सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत असावं, हा नियम तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. अमेरिकी घोडदळात तो जुन्या काळापासून होता. 2008 साली ओहायोतल्या संशोधकांनी आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या 15, 20, 25 आणि 30 टक्के भार चढवून प्रत्येकी 45 मिनिटं काम करून घेतलं. 25 आणि 30 टक्क्यांना हृदयाचे ठोके जास्त वाढले. 30 टक्क्यांना स्नायूंना इजा झाल्याचं दाखवणारा रक्तातला घटक वाढला, पाठ स्पष्टपणे दुखरी आणि ताठर झाली; 25 टक्क्यांना तिचा कल तिकडे होता. 15 आणि 20 टक्क्यांना तसं दिसलं नाही.

पण 20 टक्के म्हणजे पूर्ण सुरक्षित, असा अर्थ काढू नका. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात स्यू डायसन आणि सहकाऱ्यांनी सहा घोड्यांवर वेगवेगळ्या वजनाचे चार स्वार बसवले. घोड्याच्या वजनाच्या साधारण 15 ते 18 टक्के भरणारा स्वार आणि 23 टक्क्यांच्या वर भरणारा स्वार, या दोघांच्याही फेऱ्या ठरलेल्या वेळेआधीच थांबवाव्या लागल्या. बहुतेक वेळा कारण एकच होतं, घोडा तात्पुरता लंगडायला लागला. स्वार उतरल्यावर तो बरा झाला. यात खोगिराचाही मोठा हात होता: मोठ्या स्वारांना ती खोगिरं लहान पडत होती आणि त्यांचं वजन मागच्या कडेवर जात होतं. खोगिराबद्दल पुढे सविस्तर येईल.

आमचा सल्ला असा: नवशिक्यासाठी एकूण भार 15 टक्क्यांच्या आसपास ठेवा. 20 टक्के ही शेवटची रेषा, आणि तीसुद्धा तंदुरुस्त, प्रौढ घोड्यासाठी, सपाट जमिनीवर, थोड्या वेळासाठी.

पाऊल 1: स्वतःचं आणि सामानाचं वजन

सकाळी उपाशीपोटी घरच्या काट्यावर दिसलेला आकडा इथे कामाचा नाही. हेल्मेट, बूट, जीन्स, खिशातला फोन आणि पाण्याची बाटली, जसे बसणार तसे काट्यावर उभे राहा. फरक सहज अडीच-तीन किलोंचा निघतो.

खोगिराचं वजन करायला ते उचलून काट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा), रिकिबी, खालची गादी आणि लगाम, सगळं धरून. क्लबांत वापरतात ती इंग्लिश पद्धतीची खोगिरं या सगळ्यासकट साधारण 7 ते 10 किलो भरतात. वेस्टर्न खोगीर एकटंच 12 ते 18 किलो असू शकतं. घामाने किंवा पावसाने भिजलेली जाड गादी आणखी किलोभर वाढवते.

पाऊल 2: घोड्याचं वजन टेपने काढणं

जनावरं तोलायचा काटा फार थोड्या तबेल्यांत असतो. टेपने काढलेलं वजन अंदाजे असतं, पण कामापुरतं बरोबर येतं. शिंप्याची 150 सेंमीची टेप घोड्याच्या छातीला अपुरी पडते. न ताणली जाणारी सुतळी गुंडाळून खूण करा आणि ती सुतळी जमिनीवर पसरून मोजा, किंवा 2 मीटरची कापडी टेप घ्या. बांधकामाची स्टीलची टेप नको. ती खडखडते आणि घोडा बुजतो.

घोडा सपाट जागी, चारही पायांवर सरळ उभा हवा. मोतद्दाराला (घोडा सांभाळणाऱ्याला) लगाम धरायला सांगा, तुम्ही डाव्या खांद्यापाशी उभे राहा, टेप आधी घोड्याला हुंगू द्या. दोन मापं लागतात.

छातीचा घेर: आयाळ संपते तिथला खांद्यावरचा उंचवटा आणि खाली पुढच्या पायांच्या कोपरांमागची, तंग बसते ती जागा, यांवरून टेप फिरवा. घोड्याने श्वास सोडला की आकडा वाचा.

लांबी: पुढे खांद्याचं हाड हाताला टोकदार लागतं तिथून मागे पुठ्ठ्याच्या शेवटच्या टोकदार हाडापर्यंत, एका बाजूने, सरळ रेषेत.

मग घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि भागिले 11,880. उत्तर किलोमध्ये येतं.

घेराचा वर्ग होत असल्याने तिथली चूक महागात पडते. घेर 165 आणि लांबी 150 असलेल्या घोड्याचं वजन 344 किलो येतं. तोच घेर चुकून 170 वाचला तर 365 येतं, म्हणजे 20 टक्क्यांची मर्यादा चार किलोंनी खोटी वाढते. माप तीनदा घ्या आणि सरासरी धरा. शिंगराला आणि गाभण घोडीला हे सूत्र लावू नका.

पाऊल 3: गणित

| | छोटं डोंगरी तट्टू | मारवाडी घोडी | क्लबातला थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) |
|---|---|---|---|
| घेर आणि लांबी (सेंमी) | 145, 130 | 165, 150 | 185, 165 |
| वजन | 230 किलो | 344 किलो | 475 किलो |
| 15 टक्के | 34 किलो | 52 किलो | 71 किलो |
| 20 टक्के | 46 किलो | 69 किलो | 95 किलो |

यातून खोगीर वजा करायचं. 8 किलोचं खोगीर धरलं तर मारवाडी घोडीवर कपड्यांसकट 61 किलोच्या वर कोणी बसू नये, आणि नवशिका असेल तर 45 किलोंच्या आसपासच बरा. थरोब्रेडवर शेवटची रेषा 87 किलो, नवशिक्यासाठी 63. छोट्या तट्टूवर बसायला शाळकरी मूलच हवं. आपल्याकडच्या देशी घोड्यांची उंच मान आणि ऐट बघून ते मोठे वाटतात, पण अंगाने ते सडपातळ असतात. डोळ्यांनी लावलेल्या अंदाजावर इथे विसंबू नका.

पाऊल 4: घोडा बघून आकडा खाली आणणं

टेप फक्त वजन सांगते, ताकद नाही. आता घोड्याभोवती फिरा.

आधी बरगड्यांवर तळहात फिरवा. चांगल्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हलक्या दाबाने हाताला लागतात. दुरूनच मोजता येत असतील, पाठीचा कणा धारेसारखा वर आला असेल, पुठ्ठ्याची हाडं टोकदार दिसत असतील, तर त्या घोड्यावर कोणीच बसू नये. पाठीवर स्नायू नसले की खोगिराचा भार थेट हाडांवर येतो. उलट बाजूने, लठ्ठ घोड्याचं वजन जास्त भरतं म्हणून त्याला जास्त भार चालेल असं मुळीच नाही. चरबी हाच त्याच्या पायांवरचा जादा भार असतो. 400 किलोच्या घोड्यावर 50 किलो चरबी चढलेली दिसत असेल तर हिशोब 350 चा करा.

वय विचारा. घोड्याच्या पाठीचे मणके साधारण साडेपाच-सहा वर्षांपर्यंत पक्के होत राहतात. तीन-चार वर्षांचा घोडा उंच आणि भरलेला दिसला तरी त्याच्यावर हलका स्वारच हवा, आणि नवशिका तर नकोच. विशीतला घोडा तब्येतीने छान असला तरी 15 टक्क्यांच्या वर जाऊ नका.

पाठीची ठेवण बघा. आखूड आणि रुंद पाठीचा, कंबरेत भरलेला घोडा त्याच वजनाच्या लांब पाठीच्या घोड्यापेक्षा जास्त पेलतो. पुढच्या गुडघ्याखालच्या नळीचा घेरही मोजून ठेवा. 450 किलोंच्या घोड्याला तो 18 ते 20 सेंमी असावा असा जुना ठोकताळा आहे. नळी बारीक असेल तर आकडा खाली आणा.

खूर उचलून बघा. नाल सैल, खिळे बाहेर आलेले, खुराचं टोक वाढून लांब झालेलं, असं काही असेल तर नालबंद येऊन जाईपर्यंत स्वारी नाही. महिनाभर तबेल्यात उभा असलेला घोडा रोज काम करणाऱ्या घोड्याइतका भार घेऊ शकत नाही, हेही लक्षात असू द्या.

पाऊल 5: खोगीर

वजन बरोबर असूनही पाठ जाते, ती बहुतेक वेळा इथे. खोगिराने भार पसरवायचा असतो. चुकीचं खोगीर तोच भार चार बोटांच्या जागेवर गोळा करतं.

खोगीर गादीशिवाय पाठीवर ठेवा. पुढे खांद्याचा उंचवटा आणि खोगिराची कमान यांच्यामध्ये दोन-तीन बोटं जातील एवढी जागा हवी, आणि ती स्वार बसल्यावरही राहायला हवी. कण्यावरून पुढून मागे आरपार उजेड दिसला पाहिजे, म्हणजे खोगिराच्या खालच्या बाजूच्या दोन भरीव पट्ट्यांमध्ये तीन-चार बोटांची फट मोकळी असली पाहिजे. पट्ट्या शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नयेत. शेवटची बरगडी शोधायला बरगड्यांच्या मागच्या कडेवरून बोट वर कण्याकडे न्या. तिच्यामागे कंबर सुरू होते आणि कंबरेला खालून बरगड्यांचा आधार नसतो.

आता स्वार बसवून बघा. बसलेल्या माणसाच्या मागे खोगिराच्या कडेपर्यंत चार बोटं जागा उरायला हवी. उरत नसेल तर बैठक लहान आहे. अशा वेळी स्वार मागच्या कडेवर सरकतो आणि सगळं वजन कंबरेवर दाबलं जातं. मोठ्या माणसाला 17.5 किंवा 18 इंची बैठक लागते. पण छोट्या घोड्याच्या पाठीवर एवढं लांब खोगीर मावतच नाही, ते शेवटच्या बरगडीच्या मागे निघून जातं. असं झालं तर तो घोडा त्या माणसासाठी नाही. वजनाचं गणित काहीही सांगो.

खोगीर टोचत असेल तर खाली आणखी एक गादी घालायची सवय सगळीकडे दिसते. लहान पडणाऱ्या बुटात दुसरा मोजा घातल्यासारखंच ते आहे, आवळ वाढतो.

पाऊल 6: चढणं आणि पहिली 20 मिनिटं

जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून चढताना खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि उंचवट्याच्या हाडांना पीळ बसतो. ओटा, पायऱ्या, मजबूत स्टूल, जे मिळेल त्यावरून चढा. बसताना धप्पकन बसू नका, हातांवर वजन घेऊन हळू टेका.

पहिली 10 मिनिटं फक्त साधी चाल. मग तंग पुन्हा तपासा, कारण घोड्याने पोट सोडल्यावर तो सैल होतो आणि खोगीर घसरतं. नवशिक्याने दुडकी एका वेळी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त करू नये. स्वार दमला की आधी त्याचा तोल जातो आणि त्याची किंमत घोडा मोजतो. पूर्ण धडा 30 ते 40 मिनिटांत संपवा.

या वेळात घोड्याकडे बघणारं कोणीतरी जमिनीवर हवं. कान सतत मागे पाडणं, शेपटी रागाने झाडणं, तोंड उघडून लगाम चावणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसत राहणं, पाऊल आखूड टाकणं, अडखळणं, चालता चालता थांबणं, ही दुखण्याची चिन्हं आहेत. यातलं एखादं एकदा दिसलं तर माशीही असू शकते. तीन-चार एकत्र आणि वारंवार दिसली तर उतरा. ‘नाटकं करतोय’ असं सांगून टाच मारायला लावणाऱ्याचं ऐकू नका.

पाऊल 7: उतरल्यावरची तपासणी

खोगीर काढल्याबरोबर घामाचा ठसा बघा. तो दोन्ही बाजूंना सारखा ओला हवा. ओल्या ठशात मध्येच कोरडा डाग म्हणजे तिथे इतका दाब होता की घामाच्या ग्रंथींनी कामच केलं नाही. जुन्या दाबाच्या जागी केस पांढरे उगवतात. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर पांढरे ठिपके दिसले की समजायचं, इथे आधी जखम होऊन गेली आहे.

मग बोटांच्या पेरांनी, कण्यापासून चार बोटं बाजूला, उंचवट्यापासून कंबरेपर्यंत मध्यम दाब देत जा. घोडा खाली वाकला, कातडी थरथरवली, वळून चावायला आला तर पाठ दुखते आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. स्नायूंचं दुखणं बऱ्याचदा 24 तासांनीच कळतं.

नाडी जबड्याच्या खालच्या कडेला लागते. 15 सेकंद मोजून चारने गुणा. विश्रांतीत 28 ते 44 ठोके असतात. साध्या धड्यानंतर 10 मिनिटांत ते 60 च्या खाली यायला हवेत. आले नाहीत तर भार, वेग, उकाडा यांपैकी काहीतरी त्या दिवशी जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करा.

उकाडा आणि चढ

कोकणात आणि मुंबईत हा भाग विसरून चालत नाही. ठोकताळा सोपा आहे: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करा. 130 च्या खाली ठीक. 150 च्या वर घोड्याचा घाम नीट सुकत नाही, काम अर्ध्यावर आणा. 180 च्या वर स्वारी नाही. 34 अंश सेल्सियस म्हणजे 93 फॅरनहाइट, त्यात 75 टक्के आर्द्रता मिळवली की 168 झाले. मे महिन्यात हे सकाळी नऊ-दहालाच होऊ शकतं.

डोंगराच्या वाटेवर चढताना हृदयावर ताण येतो, उतरताना पुढच्या पायांवर. 20 टक्क्यांच्या जवळ असाल तर तीव्र उतारावर उतरून चाला.

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी

माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी असल्याने घोडा ही तिथली खरीखुरी गरज आहे आणि त्यावर अनेक घरं चालतात. बहिष्कार घालून घोड्याचं पोट भरत नाही, योग्य घोडा मागितल्याने मात्र त्याची पाठ वाचते. टेप घेऊन उभं राहणं शक्य नसतं, म्हणून दोन मिनिटांत एवढं बघा: बरगड्या, चारही पायांवर सारखं उभं राहणं, तंगाखालच्या आणि ओठांच्या कडेच्या जखमा. ‘मामा, गादी जरा उचलून पाठ दाखवता का?’ असं सरळ विचारा. चांगला घोडेवाला आनंदाने दाखवतो. वजन 60 च्या वर असेल तर स्वतःहून सांगा, ‘मोठा घोडा द्या, थांबतो मी.’ मोठा नसेल तर छोट्या घोड्यावर मुलाला बसवा आणि आपण चाला. आई-मूल किंवा दोन मुलं एका घोड्यावर बसवू नका.

कायदाही माहीत असावा. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांत तट्टूवर लादायच्या मालाची मर्यादा 70 किलो आहे. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 काम नाही. 70 किलो ही मालाची मर्यादा आहे. 230 किलोच्या तट्टूला ती 30 टक्के पडते, म्हणून ती स्वारीसाठी मोजपट्टी धरू नका.

वरातीची घोडी

शेरवानी, फेटा, तलवार धरून 85-90 किलोचा नवरदेव, जरीच्या झुलीखाली जड खोगीर, आणि घोडी बहुधा 350 किलोंच्या आतली. एकूण भार 25 टक्क्यांच्या वर जातो. त्यातही वरात चालत कमी आणि थांबत जास्त असते. एकाच जागी दाब राहिला की खोगिराखालचा रक्तप्रवाह अडतो. म्हणजे नुसतं उभं राहणंही घोडीला विश्रांती नसते. खाली डांबर गुळगुळीत, कानाशी बँड आणि फटाके.

घोडी ठरवतानाच मालकाला नवरदेवाचं वजन सांगा आणि जास्तीत जास्त 15-20 मिनिटं बसणार हे बोलून घ्या. नवरदेवाने घरापासून चालत यावं आणि कार्यालयाच्या दारापासून थोड्या अंतरावर, स्टुलावरून चढावं. भाच्याला पुढे बसवू नये. मित्रमंडळी नाचायला थांबली की नवरदेवाने उतरून नाचात सामील व्हावं. बँड घोडीच्या बराच पुढे ठेवा, फटाके लावायचेच असतील तर ती आत गेल्यावर. आणि वजन फारच जास्त असेल तर घोडी नुसती सजवून बरोबर चालवावी, नवरदेवाने तिचा लगाम हातात धरून शेजारून यावं. फोटोही छान येतात.